आठवी टाळी

१

गेली सव्वीस वर्षं मी परक्या माणसांना माझं गाव दाखवते. सकाळी बोट धक्क्याला लागली की निळी छत्री उंच धरून वेशीखाली उभं राहायचं, माणसं गोळा करायची आणि ठरलेल्या वाटेने निघायचं. आधी वेशीवरचा दगडी सिंह. खाऱ्या वाऱ्याने त्याचं तोंड इतकं झिजलंय की आम्ही गाववाले त्याला मेंढा म्हणतो. मग कोळ्यांची गल्ली, मग संत निकोलासचं चर्च, मग समुद्राकडचा बुरूज. आणि सगळ्यात शेवटी टाकं.

टाकं शेवटी ठेवते, कारण तोवर ऊन चांगलंच तापलेलं असतं. माणसं लाल झालेली असतात, कुणाची चप्पल चावत असते, नवरा-बायकोंची धुसफूस सुरू झालेली असते. दाराशी मांथोस बसलेला असतो. त्याच्या हातात माणसं मोजायचं यंत्र, खिशात भाजलेल्या भोपळ्याच्या बिया. टकटक करत तो एकेकाला आत सोडतो. अडतीस पायऱ्या उतरल्या की ऊन, चप्पल, धुसफूस, सगळं वर राहतं. खाली तीन रांगांत बारा खांब, त्यांच्यावर कमानी, आणि कमानींखाली मांडीभर काळं पाणी. पायऱ्या संपतात तिथे फळ्यांचा ओटा आहे, कठडा लावलेला. त्यावर उभं राहून मी वेढ्याची गोष्ट सांगते. चार महिने समुद्र शत्रूच्या ताब्यात होता आणि सगळं गाव या एका टाक्यावर तगलं. मग म्हणते, "आता सात पडसाद येतील. मोजा." आणि एक टाळी वाजवते.

पहिला पडसाद कानाखाली मारल्यासारखा येतो. चौथा पाठीमागून. सातवा इतका बारीक, की पलीकडच्या घरात कुणी पुस्तक मिटलं असावं. दिवसातून तीन टाळ्या, एप्रिल ते ऑक्टोबर. सातच.

जूनमधल्या एका गुरुवारी आठ आले.

चौदा जणांचा गट होता. सातवा विरला, मी "चला वर" म्हणायला तोंड उघडलं, आणि लांबच्या डाव्या कोपऱ्यातून कुणीतरी टाळी वाजवली. एकच. कुणाचं लक्ष गेलं नाही; सगळे फोटो काढण्यात. मी त्यांना वर आणलं, निरोप दिला. एक म्हातारा तेवढा मागे थांबला. उंच, किंचित वाकलेला, डेन्मार्कचा. नाव हेनिंग.

"बाई, तुम्ही सात म्हणाला होतात," तो म्हणाला. "मी आठ मोजले."

मी हसून म्हटलं, डेन्मार्कच्या पाहुण्यांना आम्ही एक जास्त देतो. तो हसला नाही.

२

माझा स्वभाव लगेच घाबरायचा नाही. आधी कारण शोधायचं. यंदा हिवाळा कोरडा गेला होता आणि टाक्यातलं पाणी वीतभर उतरलं होतं. पाणी कमी म्हणजे भिंत जास्त, भिंत जास्त म्हणजे पडसाद जास्त. घरी येऊन भांडी घासता घासता मी हे स्वतःला दोनदा समजावून सांगितलं आणि मला ते पटलंही.

दुसऱ्या दिवशी पहिला गट यायच्या आधी, सकाळी दहाला, मी एकटी खाली उतरले. सहाही दिवे लावले. लांबच्या कोपऱ्यातला दिवा नेहमी थोडा फडफडतो, तसाच फडफडत होता. मी टाळी वाजवली. सात आले. मी मनात शंभरपर्यंत आकडे मोजले. कुठे थेंब पडल्याचासुद्धा आवाज नाही. म्हटलं, झालं, काल कुणीतरी चावटपणा केला असणार.

वळले, तिसऱ्या पायरीवर पाय ठेवला, आणि मागे टाळी वाजली.

उशिरा आलेली टाळी. आपल्याला बोलावलं होतं हे कुणाला तरी मागाहून आठवावं, तशी. आणि तिच्यामागे एकही पडसाद नाही.

मी पळाले नाही. हे मी आवर्जून सांगते, कारण नंतर गावात बरंच काय काय बोललं गेलं. माझ्या दुखऱ्या गुडघ्यांना झेपेल त्याच चालीने मी उरलेल्या पायऱ्या चढले. मांथोसने माझ्या तोंडाकडे बघून विचारलं काय झालं. मी म्हटलं, पंपाचा आवाज येतोय.

"पंप काढून चार वर्षं झाली, अर्गिरो," तो म्हणाला आणि बी सोलत राहिला.

३

हेनिंग बोटीवरचा नव्हता. तो गावातल्या लाम्ब्रिनीच्या माडीवरची खोली घेऊन दोन आठवडे राहिला होता. त्याचा जन्म चर्चमधले मोठे ऑर्गन सुरात लावण्यात गेलेला. चाळीस वर्षं लाकडी आणि शिशाच्या नळ्यांना कान लावून बसलेला माणूस. आता निवृत्त, बायको नाही, मुलं नाहीत, आणि कान अजून शाबूत. तो माझ्या प्रत्येक गटाबरोबर खाली यायला लागला. मी नको म्हटलं नाही. खरं सांगायचं तर कुणीतरी बरोबर हवंच होतं.

तिसऱ्या दिवशी धक्क्यावरच्या कॉफीच्या दुकानात त्याने मला कागदावर टाक्याचा नकाशा काढून दाखवला. मांथोसही येऊन बसला होता. हेनिंगचं म्हणणं असं होतं, की पडसाद म्हणजे झिजत जाणारा आवाज. दर भिंतीला आपटताना त्याची धार जाते. सातही तसेच येतात, एकापेक्षा एक बोथट. आठवी तशी नाही. आठवीला धार आहे.

"ती कुठेही आपटून आलेली नाही," तो म्हणाला. "कोरडे तळहात आहेत, मोठे. आणि गुरुवारी ते शेवटच्या रांगेच्याही मागे होते. आज मधल्या रांगेत आहेत."

हे सांगताना त्याच्या आवाजात भीती नव्हती. डोळे चमकत होते. मला तेच आवडलं नाही.

मी मांथोससाठी सगळं आमच्या भाषेत सांगितलं. तो नऊ वर्षं टाक्याच्या दाराशी बसतो, पण दहाव्या पायरीखाली कधी उतरलेला नाही. विचारलं तर म्हणतो, माझं काम दाराचं. त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "पूर्वी या दुकानात कॉफी हवी असली की काय करायचे, आठवतं?"

आठवत होतं. टाळी वाजवायचे. आतून वेटर यायचा.

"मग? सव्वीस वर्षं दिवसातून तीनदा तू कुणाला तरी हाक मारतेयस. आलं कुणीतरी. आता तोंड का पाडतेस?"

मी त्याला म्हटलं, तुझ्यासारखा अर्धवट माणूस गावात दुसरा नाही. पण घरी जाताना मी वाटभर दोन्ही हात बाजाराच्या पिशवीत गुंतवून ठेवले होते, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

४

उपाय सोपा होता. टाळी वाजवायची नाही. वेढ्याची गोष्ट सांगायची, कमानी दाखवायच्या आणि वर यायचं. एवढं साधं आपल्याला आधी सुचलं नाही याची मला लाज वाटली.

सोमवारी दुपारी बारा वाजताचा गट. त्यात दोन फ्रेंच कुटुंबं, काही इटालियन मास्तरणी, आणि अर्थात हेनिंग. मी गोष्ट सांगितली. "चार महिने," मी म्हणाले, आणि नेहमी जिथे थांबते तिथे सवयीने थांबले. हात मी छत्रीच्या दांड्याभोवती घट्ट धरले होते.

टाळी वाजली. पलीकडून.

आणि मग तिचे पडसाद. पहिला, दुसरा, तिसरा, सातपर्यंत, अगदी माझ्या टाळीचे येतात तसे. फक्त उलट्या बाजूने. सातवा, बारीक, पुस्तक मिटल्यासारखा, माझ्या कानापाशी येऊन संपला.

माणसांना वाटलं हा आमच्या कार्यक्रमाचाच भाग. ती खूश झाली. एका मास्तरणीने विचारलं, तिकडे तुमचा कुणी माणूस उभा असतो का. मी नाही म्हणायच्या आत कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि मग सगळ्यांनीच, नाटक संपल्यावर वाजवतात तशा. मी थांबा म्हणत होते. माझा आवाज कुणाला ऐकू गेला नाही.

टाळ्या थांबल्या तेव्हा मला कळलं. इतक्या माणसांनी टाळ्या वाजवल्या होत्या आणि एकही पडसाद आला नव्हता. सगळं टाकं गप्प होतं, तोंडात घास असलेल्या माणसासारखं.

मी त्यांना वर काढलं. शेवटच्या माणसामागून मी स्वतः चढले, आणि दारात मांथोसच्या यंत्रावरचा आकडा दोनदा वाचला. बरोबर होता. हेनिंग दाराबाहेरच्या पायरीवर बसून वहीत लिहीत होता.

"हा प्रश्न होता," तो म्हणाला. "आपण वाजवत नाही, म्हणून त्याने विचारलं."

मी त्याला सांगितलं की आता पुरे. तुम्ही बुरूज बघा, पोहायला जा, पण या दारातून पुन्हा आत जाऊ नका. त्याने मान हलवली. माणूस सभ्य होता. सभ्य माणसं मान हलवतात, त्याचा अर्थ काहीही असतो.

५

दुपारी एक ते दोन टाकं बंद असतं. मांथोस दारासमोरच्या भिंतीच्या सावलीत बसून जेवतो: खारवलेले मासे, टोमॅटो, कडक टोस्ट पाण्यात भिजवून. बुधवारी मी चर्चकडून येत होते तेव्हा तो जेवत नव्हता. डबा उघडा होता आणि तो दाराच्या चौकटीला हात लावून उभा होता.

"तुझा म्हातारा आत आहे," तो म्हणाला. "पाच बोटं दाखवली, पाच मिनिटं म्हणून. इतकं गोड हसला, मी सोडलं. वीस मिनिटं झाली."

मी काही बोलणार तोच त्याने हात वर केला. आतून टाळी ऐकू आली. थोड्या वेळाने दुसरी. मग पहिली, मग दुसरी. दोन माणसं पाळीपाळीने वाजवत असावीत तशा. आणि आम्ही उभे होतो तेवढ्या वेळात त्या दोन टाळ्यांमधलं अंतर कमी कमी होत गेलं, आणि मग एकच टाळी ऐकू यायला लागली. जाड. दोघांची मिळून.

मांथोसला मी म्हटलं नाही की चल. त्यालाही माहीत होतं की मी म्हणणार नाही. छत्री त्याच्या हातात दिली आणि उतरले.

दिवे चालू होते. ओट्यावर हेनिंगचे बूट नीट शेजारी शेजारी ठेवलेले, मोजे आत कोंबलेले. तो कठड्याच्या पलीकडे पाण्यात होता, गुडघ्याच्या वरपर्यंत, माझ्याकडे पाठ. पहिली रांग त्याने ओलांडली होती. मी हाक मारली. त्याने न वळताच बोट वर करून मला गप्प राहायला सांगितलं.

"आता तो माझ्यानंतर वाजवत नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "माझ्याबरोबर वाजवतो. एकदा अगदी एकत्र जमलं, की कळेल."

काय कळेल हे मी विचारलं नाही, कारण तेवढ्यात मला ते दिसलं.

मी पाहिलं ते एवढंच. मधल्या रांगेतल्या डावीकडच्या खांबाआडून एक तळहात बाहेर आला होता. उघडा, उभा, पाण्यापासून कमरेएवढ्या उंचीवर. फिकट, कोरडा. बोटं जुळलेली. मी आधी त्याच्याकडेच बघत राहिले आणि माझं मन मला सांगत होतं की दगडावरचा चुन्याचा डाग आहे. मग मी उजवीकडच्या खांबाकडे पाहिलं. त्याच्याआडून दुसरा बाहेर आला होता. दोन खांबांमध्ये चार माणसं आडवी झोपतील एवढं अंतर. दोन्ही तळहात एकमेकांकडे तोंड करून, एकाच उंचीवर, स्थिर. टाळीआधी आपण हात फाकवतो तसे.

आणि हेनिंग त्यांच्या बरोबर मधोमध जाऊन उभा राहिला होता.

त्याने आपले हात फाकवले.

कठडा कसा ओलांडला ते मला सांगता येणार नाही. माझे गुडघे बोटीच्या फळीवरसुद्धा कुरकुरतात. पाणी इतकं थंड होतं की श्वास अडकला. चार-पाच ढांगांत मी त्याच्याजवळ पोचले आणि मागून त्याची दोन्ही मनगटं धरली. त्याने जोर लावला. सत्तरीच्या माणसाचा जोर, पण एकदा टाळी वाजवायला तेवढा पुरला असता. मी त्याचे हात एकमेकांपासून लांब ओढून धरले आणि त्याच्या पाठीला छाती टेकवून उभी राहिले.

पाणी हललं. डावीकडून एक लाट आली, उजवीकडून एक, आणि दोन्ही आमच्या पायांपाशी येऊन भेटल्या. मी मान वळवली नाही. मला भीती वाटत होती, ती नाकारत नाही. पण भीतीच्याही वर मला राग आला होता. या टाक्यात आमच्या बायका घागरी घेऊन उतरल्या. वर तोफा चालू असताना उतरल्या. हे काय समजून आलंय?

"ऐक," मी म्हणाले. धक्क्यावर दोनशे माणसांच्या गर्दीत लावते तो आवाज लावला. "इथे टाळी मी वाजवते. मी बोलावलं तर यायचं. आणि मी बोलावत नाहीये."

त्या वाक्याचाही पडसाद आला नाही.

मग मी हेनिंगला तसाच धरून मागे मागे चालत निघाले, एकेक पाऊल, त्याची मनगटं एकदाही न सोडता. कठड्यापाशी मांथोस उभा होता. अडतिसाव्या पायरीच्या खाली, ओट्यावर, चेहरा चुन्यासारखा पांढरा. त्याने हेनिंगला काखेत धरून वर ओढलं आणि मला म्हणाला, "तुझा एक बूट खालीच राहिला." मी म्हटलं राहू दे.

६

हेनिंग दोन दिवसांनी गेला. जाताना मला भेटला, आभार मानले. त्याच्या दोन्ही मनगटांवर माझ्या बोटांचे निळे वळ होते. तो म्हणाला, त्या क्षणी तुम्ही आला नसता तर बरं झालं असतं असं मला अजूनही वाटतं, आणि हे मला स्वतःलाच भयंकर वाटतं. त्याला बोट गाठायची होती. वही त्याने मला द्यायला काढली. मी घेतली नाही.

नगरपालिकेत मी गेले. टाकं बंद करा म्हटलं. कारण विचारलं तेव्हा जे सांगण्यासारखं होतं ते सांगितलं. त्यांनी एक इंजिनिअर पाठवला. तो कंबरेपर्यंतचे रबरी बूट घालून सगळीकडे फिरला, खांबांवर हातोडी मारून बघितली आणि लिहून दिलं की बांधकाम ठणठणीत आहे. अध्यक्ष मला समजुतीने म्हणाले की अर्गिरोबाई, तुमचं वय झालं, आता टाकं त्या तरुण वायाकडे द्या. वाया माझ्याच हाताखाली तयार झालेली. चुणचुणीत आहे. ती टाक्यात जाऊन काय करेल हे मला माहीत होतं, कारण ते तिला मीच शिकवलं होतं.

मी म्हटलं, टाकं मी सोडणार नाही. मला काढायचं असेल तर तसं लेखी द्या, मी ते वेशीवर चिकटवते. त्यांनी दिलं नाही.

तेव्हापासून मी रोज तीनदा उतरते. फक्त एक नियम केलाय. शेवटच्या पायरीवर मी सगळ्यांना एकमेकांचे हात धरायला लावते. फोन खिशात, पिशव्या खांद्यावर, आणि ओट्यावर एका ओळीत उभं राहायचं, हातात हात घालून. कुणी मोकळ्या हाताने उभं राहायचं नाही. मी सांगते, वेढ्यात आमची माणसं अशीच उभी राहायची. हे खोटं आहे, पण लोकांना आवडतं. अनोळखी माणसं आधी लाजतात, मग धरतात. परवा एका आजीने वर आल्यावरही शेजारच्या तरुणीचा हात सोडला नव्हता. वायालाही मी हेच शिकवलंय, आणि टाळीचं नाव काढलं तर माझ्याशी गाठ आहे हेही.

ओळीचं एक टोक भिंतीशी असतं. तिथल्या माणसाला मी कठडा धरायला सांगते. दुसरं टोक पाण्याच्या बाजूला. तिथे मी उभी राहते. डावा हात पाहुण्याच्या हातात, उजवा मोकळा, खाली सोडलेला.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी, बाराच्या गटाला मी वेढ्याची गोष्ट सांगत होते. दुसऱ्या महिन्यापर्यंत आले होते, विहिरी आटल्या तिथवर. तेव्हा माझ्या उजव्या तळहातावर काहीतरी टेकलं. मोठं, कोरडं, थंड. ते तसंच टेकून राहिलं, आणि मग त्याची बोटं माझ्या हातात उलगडली, सावकाश, नव्याने शिकत असल्यासारखी.

मी खाली पाहिलं नाही. वाक्यही तोडलं नाही. बोटं आवळली, सगळा जोर लावून, आणि तो हात घट्ट धरून ठेवला. मग उरलेले दोन महिने मी सावकाश सांगितले, एकही दिवस न गाळता.